आधी रोस्टर काट्यावर चढवा

प्रति,
मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आणि कर्मचाऱ्यांसाठी आरोग्याचे उपक्रम आखणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

वजन कमी करण्याच्या स्पर्धेचा मेल दरवर्षी त्याच साच्यातला असतो. बारा आठवडे, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी वजन, भिंतीवर क्रमवारी, जिंकेल त्याला बक्षीस आणि खाली चिकटवलेलं डंबेल्सचं चित्र. अशा एका स्पर्धेत मी दुसरी आले होते. बारा आठवड्यांत नऊ किलो. पावलं मोजणारं घड्याळ मिळालं, टाळ्या मिळाल्या, फोटो निघाला. सव्वा वर्षात नऊच्या नऊ किलो परत आले, येताना आणखी दोन सोबत घेऊन आले. पुढच्या वर्षीच्या मेलमध्ये ‘यशोगाथा’ म्हणून माझा तोच जुना फोटो होता. नव्याने रुजू झालेल्या एकीने मलाच विचारलं, ही कोण, आपल्याकडेच असते का?

ती नोकरी मी सोडली, आणि हे पत्र तिथल्या कुणाला टोचायला लिहिलेलं नाही. तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, कारण ही स्पर्धा मला पुढच्या नोकरीतही भेटली आणि त्यामागची समजूतही तीच निघाली. माणूस जाड होतो तो जिभेवर ताबा नसल्यामुळे आणि आळसामुळे. चार लोकांत चुरस लावून दिली की येतो ताळ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2022 साली जगातल्या 43 टक्के प्रौढांचं, म्हणजे सुमारे 250 कोटी माणसांचं, वजन प्रमाणाबाहेर होतं. प्रौढांमधला लठ्ठपणा 1990पासून दुपटीहून जास्त वाढला आहे. एका पिढीत एवढ्या माणसांची जीभ एकदम सैल सुटली, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

बक्षीस घेताना मी एक गोष्ट सांगितली नाही. लपवली असं नाही, तेव्हा माझ्याच लक्षात आली नव्हती. त्या बारापैकी आठ आठवडे मी एका प्रशिक्षणामुळे दिवसपाळीत होते. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं, रात्री झोपायचं. त्याआधी सहा वर्षं आणि त्यानंतर दोन वर्षं माझी पाळी आठवड्यागणिक फिरत होती आणि त्यात रात्री भरपूर होत्या. पुढे कधीतरी जुने रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे तक्ते, आणि वजनाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा ते दिसलं. एका बाईच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. म्हणून वाचायला लागले. जे सापडलं ते तुमच्या विभागाच्या जास्त कामाचं आहे, माझ्या कमी.

रात्रपाळीपासूनच सुरू करते. 2018 साली 28 अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला. रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये जादा वजनाचा किंवा लठ्ठपणाचा धोका सुमारे 23 टक्क्यांनी जास्त निघाला. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. आपण कामावर आहोत म्हणून ते रात्रीचा दिवस करत नाही. त्यात झोप तुटते, आणि झोप तुटली की भूक बदलते. 2004 साली बारा तरुण पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला होता. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, मग त्याची तुलना दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात घालवण्याशी केली. कमी झोपेत, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं. बाराच माणसं आणि दोनच रात्री, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये.

पण 2022 साली शिकागोच्या संशोधकांनी जे केलं ते मला विसरता येत नाही. वजन जास्त असलेले आणि रात्री साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे 80 प्रौढ घेतले. त्यातल्या निम्म्यांना फक्त झोप कशी वाढवायची एवढं समजावलं. खाण्याबद्दल एक शब्द नाही, व्यायामाबद्दल नाही. माणसं आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात होती. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली, आणि झोप न वाढवलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचं खाणं दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी कमी झालं. त्यांना कुणी कमी खा म्हटलं नव्हतं. बारा आठवड्यांच्या तुमच्या स्पर्धेत आहारतज्ज्ञाची तीन व्याख्यानं होती. झोप हा शब्द मी एकदाच ऐकला, तोही दुपारच्या व्याख्यानात पेंगणाऱ्याला हटकताना.

आता झोप का होत नाही ते बघा. रात्री अकराला लॉग-आउट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॉग-इन, अशी जोडी माझ्या रोस्टरमध्ये महिन्यातून तीन-चारदा तरी पडायची. मधले आठ तास. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा, अंघोळ, जेवण, घरातल्या माणसांशी दोन वाक्यं वजा करा. उरतात ते साडेचार-पाच तास. ही जोडी कुणी वाईट हेतूने लावत नाही, हेही मी जाणते. तक्ता भरताना रिकामा चौकोन दिसतो, तिथे नाव पडतं.

खाण्याकडे येते, कारण तुमचा सगळा रोख तिथेच असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. वीस प्रौढांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, घरी शिजवतात तसं. दोन्ही वेळा ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू यांचा मेळ घातलेला. हवं तेवढं खा, नको ते टाका. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी 0.9 किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच कमी झालं. ताबा असलेली आणि नसलेली अशी दोन वेगळी माणसं नव्हती ती, तीच वीस जणं होती.

त्याच प्रयोगात दिसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे प्रक्रिया केलेलं अन्न माणसं भराभर खात होती. पोट भरल्याची खबर पोचायला वेळ लागतो, तोवर घास पुढे गेलेले असतात. आता आमची रात्रीची सुट्टी आठवा. कागदावर तीस मिनिटं. त्यातून लिफ्ट, रांग आणि परत जागेवर येऊन लॉग-इन वजा केलं की हातात चौदा-पंधरा. पहाटे तीन वाजता कँटीनचं शटर खाली असतं, उघडी असते ती फक्त नाणं टाकून पाकीट पाडणारी पेटी. घरून डबा आणावा तर फ्रिज दिवसपाळीच्या डब्यांनी भरलेला आणि गरम करायचं यंत्र नाश्त्याच्या वेळेपर्यंत कुलपात. मी त्या पेटीतलं खाल्लं, आणि भरपूर खाल्लं. त्याचं खापर मी पूर्ण तुमच्या माथी मारत नाही. पण पेटी कुणी बसवली आणि फ्रिज कुणी नाही घेतला, याचा निर्णय माझ्या जिभेने केला नव्हता.

बसण्याची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ती थेट तुमच्यासारख्याच विभागाच्या कपाटांतून निघालेली आहे. लंडनमध्ये 1953 साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. पगार आणि राहणी साधारण एकसारखी, मग फरक कशाचा? तीन वर्षांनी त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या. कुणाला कितीच्या कमरेची विजार दिली, याचं दप्तर अर्थातच ठेवलेलं होतं. ड्रायव्हरांच्या विजारी रुंद निघाल्या. त्यात प्रामाणिकपणे हेही दिसलं, की तरुण ड्रायव्हरांच्या विजारीही रुंदच होत्या, म्हणजे फरकाचा काही भाग माणसं नोकरीला लागतानाच घेऊन आली असावीत. मला ती प्रामाणिक कबुली आवडते. पण त्याहून आवडतं ते हे, की कुणालाही काट्यावर उभं न करता, कुणाचं नाव भिंतीवर न लावता, एका दप्तरातून कामाचा आणि कमरेचा संबंध तपासता आला. तुमच्याकडे रोस्टरची दहा-दहा वर्षांची दप्तरं पडलेली आहेत.

व्यायामशाळेची सवलत तुम्ही देता. चांगली गोष्ट आहे. पण दिवसभरात शरीर हालचालीवर जी ऊर्जा खर्च करतं त्यातला मोठा भाग बहुतेकांच्या बाबतीत व्यायामात जात नाही. उठणं, वाकणं, येरझारा, उभ्याने बोलणं यांत जातो. 1999 साली अमेरिकेत सोळा सडसडीत माणसांना आठ आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाच्या अंगावर 360 ग्रॅम चरबी चढली, कुणाच्या सव्वाचार किलो. ज्यांच्यावर कमी चढली ती माणसं नकळत जास्त हालचाल करायला लागली होती. आता माझी जागा बघा. हेडसेटची तार दीड हात. उठले की नावासमोरचा हिरवा ठिपका लाल होतो आणि तो लाल राहिलेला प्रत्येक मिनिट महिन्याच्या अहवालात लागतो. नकळत हालचाल करायची सोय तुम्ही मोजमापात बसवून बंद केली आहे, आणि मग पावलं मोजणारं घड्याळ बक्षीस देता.

ताणाबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर वर्षानुवर्षं चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात 2007 साली हे मांडलं गेलं: कामाची मागणी जास्त, स्वतःच्या हातात काही नाही आणि पाठीशी कुणी नाही, अशी अवस्था ज्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली त्यांच्यात लठ्ठपणाचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. ‘ताण घेऊ नका’ असा फलक लावून यातलं काही हलत नाही.

पगार आणि पत्ता यांचंही वजन असतं. अमेरिकेत 1994 ते 1998 या काळात अत्यंत गरीब वस्त्यांमधल्या काही कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी त्यातल्या बायकांची तपासणी झाली. ज्यांना सोडतीत ती संधी लागली त्यांच्यात अतितीव्र लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या खुणा कमी होत्या. अतितीव्र लठ्ठपणाचा फरक शंभरात तीन-साडेतीन बायकांचा. फार मोठा नाही, पण यांनाही कुणी आहार शिकवला नव्हता. फक्त घर बदललं होतं.

तुमच्या एका मेलमध्ये ‘लठ्ठपणा संसर्गजन्य आहे, आपली संगत निवडा’ असं छापून आलं होतं. ते 2007च्या प्रसिद्ध अभ्यासातून आलं असणार. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या आरोग्य-अभ्यासातल्या 12,067 माणसांच्या नात्यागोत्याचं जाळं त्यात 32 वर्षांपर्यंत तपासलं होतं आणि एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर त्याचीही शक्यता 57 टक्क्यांनी वाढते, असं दिसलं होतं. पुढच्याच वर्षी दोन संशोधकांनी तीच पद्धत वापरून दाखवलं, की तिच्यानुसार मुरूम, डोकेदुखी आणि उंचीसुद्धा मित्रांकडून लागते! एकसारखी माणसं एकमेकांचे मित्र होतात आणि एकाच परिस्थितीत राहतात, हे वेगळं काढणं कठीण असतं. आमच्या मजल्यावरही सगळ्यांचं वजन जवळपास एकाच वर्षी वाढलं. ते मैत्रीमुळे की नव्या पाळ्यांमुळे, हे तुम्हीच तपासा. तोवर ‘संगत निवडा’ असं छापू नका. ते वाचून जेवायच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसेनासं झालं, ते आम्ही पाहिलं आहे.

लाज ही गोष्ट तुम्हाला प्रेरणा वाटते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून जास्त अमेरिकी प्रौढांच्या पाहणीत, वजनावरून भेदभाव सोसलेली जी माणसं सुरुवातीला लठ्ठ नव्हती, ती चार वर्षांनी लठ्ठ झालेली असण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. आमच्याकडे वजनाच्या दिवशी एक सहकारी हमखास रजा टाकायची. दुसऱ्या एकाने त्याच वर्षी सिगारेट सोडली. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात, हे माहीत असलेलं आहे. त्याने गटाचे गुण घालवले म्हणून त्याला बोलणी बसली. वर्षभरातली सगळ्या मजल्यावरची सर्वांत मोठी आरोग्याची कमाई त्या माणसाने केली होती. काही औषधांनी वजन वाढतं, बाळंतपणात, मासिक पाळी जाण्याच्या वयात शरीर बदलतं. तुमच्या क्रमवारीत यातल्या कशालाच रकाना नव्हता. आनुवंशिकता तर राहूच द्या. डेन्मार्कमधल्या 540 दत्तक मुलांच्या 1986च्या अभ्यासात, मोठेपणी त्यांचं वजन जन्मदात्यांशी जुळलं, वाढवणाऱ्यांशी नाही. म्हणजे आमच्यापैकी काही जण शर्यतीत मुळातच वेगळ्या रेषेवरून धावत होते.

आणि स्पर्धा. दूरचित्रवाणीवरच्या अशाच एका अमेरिकी स्पर्धेतल्या चौदा जणांचा सहा वर्षांनी मागोवा घेतला गेला, 2016 साली तो छापून आला. तीस आठवड्यांत त्यांनी सरासरी 58 किलो उतरवले होते. सहा वर्षांत त्यातले 41 परत आले. पण खरी बातमी पुढे आहे. एवढ्या वर्षांनीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत, त्यांच्या आकारमानावरून अपेक्षित असतील त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. झपाट्याने वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. ते खर्च आवळतं आणि भूक वाढवतं. 2011 सालच्या आणखी एका अभ्यासात दहा आठवड्यांचा कडक आहार संपून वर्ष झालं, तरी भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. मी हे वाचलं त्या रात्री जरा रडले. सव्वा वर्ष मी स्वतःला जे जे म्हटलं होतं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट तपासून पाहिली, की अशा उपक्रमांचा निदान कंपनीला तरी फायदा होतो का. 2019 साली अमेरिकेत सुमारे 33,000 कर्मचारी आणि 160 कामाच्या जागा असलेल्या एका मोठ्या चाचणीचे दीड वर्षाचे निकाल आले. काही जागी आरोग्य उपक्रम, बाकीच्या जागी काही नाही, आणि कुठे काय हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. उपक्रम मिळालेली माणसं ‘आम्ही नियमित व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असं जास्त प्रमाणात सांगत होती. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचाराचा खर्च, गैरहजेरी, यांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

मग हवं काय? युरोपीय संघाच्या 2003च्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांतीचा नियम आहे. माझं मुख्य मागणं एका ओळीत सांगायचं तर ते हेच. बाकीचं सोपं आहे: रोस्टर महिनाभर आधी लावा, पाळी फिरवायचीच असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे फिरवा, उलटी नको, सुट्टीचा अर्धा तास जागेवरून उठल्यापासून मोजा, रात्री एक फ्रिज आणि गरम करायचं यंत्र चालू ठेवा, लाल ठिपक्याची तासाला पाच मिनिटं अहवालातून वगळा. आणि कुणाचं वजन त्याच्या साहेबाला दिसता कामा नये. वजन हा डॉक्टरशी बोलायचा विषय आहे, आणि ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. यातल्या कशानेही मी सडपातळ होईन असं वचन मी देत नाही. तसं वचन देणारे तुमच्याकडे आधीच पुष्कळ येतात.

यंदा नव्या नोकरीतल्या स्पर्धेचा अर्ज आला. ‘बारा आठवड्यांत तुम्ही काय कमी करणार?’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘अकरा तासांपेक्षा कमी विश्रांतीच्या पाळ्या, चारवरून शून्य.’ अर्ज पुढे जाईना. खाली लाल अक्षरांत ओळ आली: कृपया उत्तर किलोमध्ये भरा.

आपली,
रात्रपाळीतली एक